जीप न्यायला ट्रेलर घेताय? आधी ट्रकच्या दारावरचा स्टिकर वाचा

डेन्व्हरहून युटातल्या मोआबला, ऑफ-रोडिंगला, गेली बरीच वर्षं मी जीप ट्रेलरवर घालूनच नेतो. साडेतीनशे मैलांचा रस्ता आहे, ३७ इंची मड टायरवर तो चालवत जायचा म्हणजे कानठळ्या बसतात, पण खरं कारण ते नाही. हेल्स रिव्हेंजवर (मोआबची एक खडतर ट्रेल) अ‍ॅक्सल तुटला तर सोमवारी घरी कसं यायचं, हे खरं कारण आहे. आमच्या ग्रुपमधली दर वर्षी दोन-तीन मराठी मंडळी फोन करून विचारतात, ट्रेलर घ्यायचाय, कुठला घेऊ, आणि प्रत्येकाला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं की "सोळा फुटी घे, जीप बसते" किंवा "तुझा ट्रक ११,००० पाउंड ओढतो, कसली काळजी". हे दोन्ही सल्ले वाईट आहेत. पहिला मी स्वतः ऐकला होता, म्हणून हे सगळं लिहितोय.

मी चार दारांची जीप रँग्लर धरून चाललोय, आणि ती ओढणारा ट्रक म्हणजे पिकअप. आरझेडआरसारखी साइड-बाय-साइड (छोटी उघडी ऑफ-रोड गाडी) असेल तर वजनं बरीच कमी, पण हिशोबाची पद्धत हीच.

पहिलं काम: जीपचं खरं वजन काढा

कंपनीच्या माहितीपत्रकातला आकडा विसरा. चार दारांची रुबिकॉन (रँग्लरचंच ऑफ-रोड मॉडेल) कागदावर साधारण ४,४०० ते ४,५०० पाउंडांची असते. माझ्या जीपला स्टीलचे बंपर, विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), खालून स्किड प्लेट, मोठे टायर, मागे टूलबॉक्स आणि दोन जेरी कॅन, सगळं लावून पेट्रोल फुल करून काट्यावर घातली तर ५,२४० निघाले, म्हणजे जवळजवळ २,४०० किलो. हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केलचा काटा असतो, थोडेसेच पैसे लागतात आणि दहा मिनिटांत काम होतं. वजन न करता ट्रेलर बघायला जाऊ नका.

दुसरं: ट्रेलरची क्षमता

ट्रेलरवर जो जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरल्यावरच्या एकूण वजनाची मर्यादा, लिहिलेला असतो त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजन धरलेलं असतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. ७,००० पाउंडांचा अठरा फुटी स्टीलचा कार हॉलर (गाडी न्यायचा उघडा ट्रेलर) रिकामाच दोन हजार, बावीसशे भरतो, मग उरले पाच हजारांच्या आत-बाहेर. माझी जीप त्यात बसत नाही, तुमची नटवलेली असेल तर तुमचीही बसणार नाही. १०,००० चा घ्या, ५,२०० चे दोन अ‍ॅक्सल असलेला. स्टॉक जीप असेल किंवा ट्रेलर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तरच ७,००० चा विचार करा.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: लांबी आणि टंग वेट

आजोळी, साताऱ्याकडे, उसाची बैलगाडी भरताना मामा एकच गोष्ट ओरडून सांगायचा, मागं टाकू नका, गाडी उलाळ होईल. ओझं चाकाच्या मागे जास्त झालं की जू वर उचललं जातं आणि बैलांना गाडी आवरत नाही, आणि फार पुढे झालं की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. ट्रेलरचं शास्त्र हेच आहे, दुसरं काही नाही. ट्रेलरची टंग (पुढचा दांडा) ट्रकच्या हिचवर (मागच्या जोडणीवर) जेवढा भार टाकते ते टंग वेट, आणि ते भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के पाहिजे. कमी पडलं की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो.

माझा पहिला ट्रेलर सोळा फुटी होता, जुना, ७,००० चा. विकणाऱ्याने सांगितलं जीप बसते, आणि बसलीही. सोळा फूट म्हणजे १९२ इंच आणि चार दारांची रँग्लर १८८ इंच, त्यात विंचचा बंपर पुढे आलेला, म्हणजे जीप चढवली की पुढे-मागे हलवायला चार बोटंसुद्धा जागा नाही, बंपर पुढच्या रेलला टेकलेला, मागचं स्पेअर टायर डेकच्या बाहेर लोंबतंय, टूलबॉक्स, कूलर, जेरी कॅन सगळं जीपच्या पाठीमागे. ट्रेलरचे अ‍ॅक्सलही बऱ्यापैकी मध्यावर होते. मला वाटलं जीप बसली, विषय संपला.

आयझेनहॉवर टनेल ११,१५८ फुटांवर आहे आणि पश्चिमेला बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सलग उतार, जवळजवळ सात टक्क्यांचा. मी ताशी साठ मैलांवर होतो, बाजूने मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलर डावीकडे गेला, उजवीकडे गेला, परत डावीकडे, दर वेळी आधीपेक्षा जास्त. बायको शेजारी बसलेली, तिने दाराचं हँडल धरलेलं मला अजून आठवतं. अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि तेच करायचं नसतं, ट्रकचा ब्रेक मारला की ट्रेलर ट्रकला मागून ढकलतो. गॅस (अ‍ॅक्सिलरेटर) सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ट्रकमधल्या, ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या ब्रेक कंट्रोलरची हाताने दाबायची कळ हळूहळू दाबायची, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागे ओढला जाऊन सरळ होतो. मला हे माहीत होतं म्हणून आम्ही वाचलो.

खाली उतरल्यावर काट्यावर जाऊन बघितलं. टंग वेट ४२० पाउंड, एकूण ट्रेलर ७,३०० च्या वर. सहा टक्केसुद्धा नाही, वर ट्रेलर क्षमतेपेक्षा जास्त भरलेला. आणि दुरुस्त करायला काही जागाच नव्हती, कारण जीप पुढे सरकत नव्हती. कॅन आणि टूलबॉक्स काढून ट्रकमध्ये टाकले, थोडा फरक पडला, आणि पंचेचाळीसच्या वर न जाता तसेच घरी आलो, मोआब रद्द.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की डेकची लांबी बघायची ती जीप बसावी म्हणून नाही, जीप सरकवता यावी म्हणून. चार दारांच्या जीपला वीस फुटी घ्या, निदान अठरा, त्याखाली नाही. दोन दारांची जेमतेम १६७ इंचांची आहे, तिला अठरा भरपूर झाले. वीस फुटी ट्रेलरवर ५,२०० पाउंडांची जीप एक इंच पुढे घेतली की टंग वेट साधारण २५-३० पाउंडांनी वाढतं, म्हणजे हातभर सरकवण्यात चारशे-पाचशे पाउंडांचा फरक पडतो. ही मोकळीक तुम्ही पैसे देऊन विकत घेताय. आणि कुणी म्हणालं की जीप उलटी चढव, तर ऐकू नका, इंजिन आणि विंच पुढे असतात, ती मागे गेली की गाडी उलाळ झालीच.

आता दुसरी बाजू, बैलाची मान. ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांपेक्षा जास्त नको असं त्यावर लिहिलेलं असतं. टंग वेट त्याच आकड्यात धरायचं. जाहिरातीतले ११,००० पाउंड तोपर्यंत कामाचे नाहीत. माझ्या जुन्या हाफ-टन (हलक्या वर्गातल्या) ट्रकचा आकडा १,६४० होता. आम्ही दोघं, दोन मुलं, बॅगा, कूलर मिळून ७००, हिचचं लोखंड ९०, उरले ८५०. नवा वीस फुटी ट्रेलर रिकामा २,७००, जीप आणि पट्टे-बिट्टे धरून एकूण ८,१०० च्या आसपास, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे हजार पाउंड. दीडशे कमी पडले. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचने (स्प्रिंगसारखे बार असलेली हिच) भार थोडा पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि ट्रेलरवर वाटला जातो, तो लावाच, बऱ्याच ट्रकच्या रिसीव्हरवर (हिच ज्यात बसते ती चौकोनी खोबण) त्याच्याशिवायचा आणि त्याच्यासकटचा असे दोन वेगळे आकडे असतात तेही वाचा, पण स्टिकरवरचा आकडा त्याने वाढत नाही. मी शेवटी त्याहून दणकट थ्री-क्वार्टर टन ट्रक घेतला. ते परवडत नसेल तर अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर घ्या, महाग आहे पण हजारभर पाउंड वाचतात, किंवा मुलांना दुसऱ्या गाडीतून आणा. टंग वेट कमी करून हिशोब जुळवू नका. हे मी कळकळीने सांगतोय, कारण बरेच जण नेमकं तेच करतात.

मोजायचं कसं: काट्यावर ट्रेलर जोडलेला असताना ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलची बेरीज घ्या, वेट डिस्ट्रिब्यूशनचे बार काढून. मग पार्किंगमध्ये ट्रेलर सोडा, तीच माणसं आणि तेच सामान घेऊन नुसत्या ट्रकचं वजन करा, चोवीस तासांच्या आत दुसरं वजन स्वस्तात होतं. दोन्हींतला फरक म्हणजे टंग वेट. जीप पुढे-मागे करून परत मोजा, साडेबारा टक्क्यांच्या जवळ आलं की पुढच्या टायरजवळ डेकवर रंगाची जाड रेघ मारा. माझ्या ट्रेलरवर ती रेघ आहे, आता अंधारातही जीप बरोब्बर तिथेच थांबते.

आणि विकत घ्यायच्या आधीच जीप घेऊन जा, डीलरला सांगा चढवून बघायचीय, टंगखाली ठेवायचा छोटा काटा मिळतो तो बरोबर न्या. चढवू देत नसेल तर दुसरीकडे जा.

बाकीच्या गोष्टी

रुंदी: मडगार्डांच्या मधे ८२-८३ इंच मिळतात. टायरच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत स्वतः मोजा, माझी ७९ आहे, म्हणजे दोन्हीकडे दीड-दीड इंच. याहून रुंद असेल तर ज्यावरून गाडी चढू शकते असे मडगार्ड घ्या. चाकांच्या वर डेक असलेला डेक-ओव्हर लिफ्ट केलेल्या जीपला घेऊ नका, फार उंच होतं. बंद ट्रेलरही नको, जड असतो आणि युटाच्या वाऱ्यात शिडासारखा वागतो.

ब्रेक दोन्ही अ‍ॅक्सलना पाहिजेत, ७,००० च्या बऱ्याच ट्रेलरना एकालाच असतात. ट्रेलर ट्रकपासून सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या ब्रेकअवेची बॅटरी चालू आहे का, पिन ओढून तिथेच बघा.

टायर एसटी (खास ट्रेलरचे) लिहिलेलेच. जुना ट्रेलर घेत असाल तर टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचे झाले असतील तर नक्षी कितीही चांगली दिसू दे, बदलण्याचे पैसे किमतीतून कमी करून घ्या. हवा थंड असताना टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याएवढी.

डी-रिंग (पट्टे अडकवायच्या कड्या) फ्रेमला वेल्ड केलेल्या हव्यात, फळीला बोल्ट केलेल्या नकोत. पट्टे ३,३३३ पाउंड वर्किंग लोडचे चार, जीपच्या अ‍ॅक्सलला बांधा म्हणजे सस्पेन्शन मोकळं हलतं आणि पट्टे सैल पडत नाहीत. बांधताना ब्रेकची नळी पट्ट्याखाली येत नाही ना, हे वाकून, टॉर्च मारून बघा.

दिवे, टायटल (मालकीचा कागद), व्हीआयएन (ट्रेलरचा ओळख क्रमांक) तपासाच.

घरी आणताना चाकांचे नट पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांवर थांबून टॉर्क रेंचने परत आवळा, नवीन ट्रेलरचे हमखास सैल होतात. रेंच डीलरकडे जातानाच ट्रकमध्ये टाका.