मोटरहोम घेताय? आधी पाण्याचं बघा

एप्रिल उजाडला, ऊन जरा रेंगाळायला लागलं की फोन सुरू होतात. "ताई, तुमच्याकडे ती गाडी आहे ना, आत झोपता येतं ती? आम्ही पण घ्यावी म्हणतोय." फोन करणारे बहुतेक इंग्लंडात येऊन वर्ष-दोन वर्षं झालेले असतात. कोणी हॉस्पिटलात, कोणी आयटीत. त्यातला एखादा हळूच असंही विचारतो की घरभाडं एवढं भरायचं त्यापेक्षा त्या गाडीतच राहिलं तर? आम्ही लीड्सला येऊन अठरा वर्षं झाली, त्यातली अकरा मोटरहोमसकट. सध्याची आमची दुसरी. दरवेळी तेच ते सांगून कंटाळले, म्हणून एकदा लिहून काढते.

माझं माहेर राजापूरकडचं. मे महिन्यात शाकारणी राहिली तर जूनमध्ये घरभर पातेली कशी मांडावी लागतात हे ज्याने बघितलंय, त्याला मोटरहोम पटकन कळते. इंजिन, क्लच, ब्रेक ही गॅरेजवाल्याची काळजी. तुमची काळजी एकच, पाणी. छतातून झिरपणारं, टाकीत भरायचं, बेसिनमधून जाणारं, संडासातलं, काचेवर साचणारं आणि थंडीत गोठणारं.

पहिली गाडी आम्ही सप्टेंबरमध्ये घेतली. कोरडा आठवडा होता, आत छान लिंबाचा वास येत होता. तो वास कशासाठी होता हे नोव्हेंबरमध्ये कळलं. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगाच्या कोपऱ्यात बोट दाबलं तर भिंत भिजलेल्या टोस्टसारखी आत गेली. वरून वॉलपेपर शाबूत, आत लाकडी पट्ट्यांचा भुगा. इथल्या बऱ्याच मोटरहोमचा राहायचा भाग म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर बसवलेली पातळ भिंतींची खोली असते. भिंती आणि छत जिथे जुळतात तिथे सीलंट भरलेलं असतं. गाडी दर मैलाला हादरते, सीलंट म्हातारं होतं आणि एक केसाएवढी फट पुरते.

म्हणून जुनी गाडी बघायला जाल तेव्हा पावसाळी दिवस निवडा. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते विकत घ्या किंवा मागून आणा. १५ टक्क्यांच्या आत आकडा आला तर ठीक. २० च्या पुढे गेला तर आत काहीतरी चाललंय असं धरा. छताच्या खिडक्यांचे कोपरे, ऑनिंग (बाजूला ओढून उघडायचं कापडी छप्पर) जिथे भिंतीला ठोकलंय ती रेघ, चाकांच्या वरची कपाटं आणि मागच्या भिंतीचे खालचे कोपरे, इथे बघा. कपाटं उघडून आत डोकं घालून वास घ्या. विकणारा ओशाळला तर ओशाळू दे. आणि एक लक्षात ठेवा, गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी करावी लागणारी एमओटी ही सरकारी तपासणी फक्त गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे का ते बघते. ओल, गॅस, पाण्याचे पंप यांच्याशी तिचा संबंध नाही. त्यासाठी 'हॅबिटेशन चेक' वेगळा करून घ्यायचा, दरवर्षी. मी त्याला घरी शाकारणीच म्हणते. तो चुकवून वाचवलेले पैसे मी पुढे भिंतीत घातले आहेत.

दोघंच असाल तर माझं मत स्पष्ट आहे. पत्र्याच्या व्हॅनमध्येच आतून घर केलेली गाडी घ्या. आखूड असते, पण छताला जोड कमी, त्यामुळे गळती कमी, आणि सुपरमार्केटमध्ये दोन जागा अडवाव्या लागत नाहीत. मुलं असतील तर मोठीशिवाय इलाज नाही.

आता परवाना. भारतातल्या परवान्यावर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, पुढे इथली टेस्ट द्यावीच लागते. तो परवाना मिळाला की ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालते. मुक्कामाच्या कॅम्पिंग साइटवर शेजारी एखादे आजोबा बसएवढी गाडी आरामात लावताना दिसतील. त्यांना परवाना १ जानेवारी १९९७ च्या आधीचा मिळालाय, त्यांना ७,५०० किलोपर्यंत मुभा आहे. आपल्याला नाही. आणखी एक, ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली असेल तर मॅन्युअल गाडी चालवता येत नाही, आणि जुन्या मोटरहोम बहुतेक मॅन्युअलच असतात. गाडी पसंत करून, मुलांना दाखवून, मग हे लक्षात आलेलं एक कुटुंब माझ्या ओळखीचं आहे.

३,५०० हा आकडा भरलेल्या गाडीचा आहे, रिकाम्या नव्हे. आमची रिकामी, ड्रायव्हरचं म्हणजे माझं वजन धरून, ३,०८० भरते. उरले ४२० किलो, पुष्कळ वाटतात ना? यजमान आणि मुलगी मिळून ११५. पाण्याची टाकी १०० लिटर, म्हणजे १०० किलो. दोन सायकली आणि त्यांची चौकट ४५. ऑनिंग ३०, खुर्च्या-टेबल २५, कपडे-अंथरुणं ४०. झाले ३५५. उरलेल्या ६५ किलोत भांडी, तांदूळ, डाळ, कुकर, गॅसची दुसरी बाटली आणि सासूबाईंनी दिलेला खलबत्ता. एकदा शंका आली म्हणून खडीच्या खाणीवरच्या वजनकाट्यावर गाडी नेली. थोड्या पैशांत वजन करून चिठ्ठी देतात. ३,५७० निघाले. पोलिसांनी अडवलं तर दंड आहेच, पण अपघात झाला तर विमा कंपनीला हातात कोलीत दिल्यासारखं होतं. तेव्हापासून घरून निघताना टाकीत वीसच लिटर पाणी, बाकीचं साइटवर भरतो. खलबत्ताही आता घरीच असतो.

स्वयंपाक. आपला स्वयंपाक आणि ही गाडी यांचं सहज जमत नाही, जमवावं लागतं. साइटवरच्या विजेच्या खांबावर बऱ्याच ठिकाणी १० अँपिअरच मिळतात. २३० व्होल्टने गुणा, २,३०० वॉट. घरातली किटली एकटीच तेवढं खाते. आमच्याकडे हीटर चालू असताना यजमानांनी इंडक्शनवर कुकर चढवला, दुसऱ्या मिनिटाला काळोख. खांबाची पेटी कुलूपबंद, किल्ली साइट सांभाळणाऱ्या वॉर्डनकडे आणि रात्रीचे साडेदहा. वॉर्डन ड्रेसिंग गाउनवर आला, काही बोलला नाही, ते जास्त लागलं. कमी वॉटची, प्रवासातली किटली घ्या आणि एका वेळी एकच उपकरण चालवा. दोन लिटरचा कुकर गॅसवर उत्तम चालतो.

फोडणी बाहेर करा. हे मी हात जोडून सांगते. पावसाचे चार थेंब पडत असले तरी ऑनिंगखाली एक बर्नरची शेगडी मांडून मोहरी तिथेच तडतडवा. आत केली तर एक तर अलार्म कोकलतो आणि दुसरं म्हणजे गाद्यांच्या कापडात लसूण वर्षभर राहते. शिवाय भात-वरणाची वाफ थंड काचेवर बसते आणि तिथून ओल आलीच. छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा. जमिनीलगत आणि वर ज्या जाळ्या कायम उघड्या ठेवलेल्या असतात त्या थंडी वाजते म्हणून चिंध्या कोंबून बुजवू नका. त्या गॅस बाहेर जावा म्हणून आहेत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असायलाच हवा, आणि ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून झोपणं तर कधीच नाही.

भांडी घासण्याआधी प्रत्येक ताट कागदाने पुसून घ्या. आमटीतलं तेल बेसिनमधून खालच्या टाकीत जातं, थंडीने थिजतं आणि ऑगस्टच्या उन्हात त्या टाकीला नाल्याचा वास येतो. हे खरकटं पाणी साइटवर त्यासाठी केलेल्या जागीच सोडायचं. गुपचूप तोटी उघडून रस्त्यावर पाणी सांडत जाणारे महाभाग असतात, त्यांच्यामुळे सगळ्याच मोटरहोमवाल्यांना बोल लागतो.

संडासाचं आता सांगतेच. खाली वीसेक लिटरची कॅसेट असते, ती बाहेरच्या झडपेतून ओढून काढायची आणि चाकांवरून ढकलत केमिकल पॉइंटला, म्हणजे ती ओतायच्या ठरलेल्या जागी, न्यायची. ज्या घरांत हे काम करायला कायम दुसरंच कोणी येत असे, त्या घरांतल्या लोकांना पहिल्यांदा जड जातं. आमच्याकडेही गेलं. दोन आठवड्यांत सवय होते, आणि व्हावी. ओतताना हवेचं बटण दाबून धरा, नाही तर गचके देत पाणी बुटांवर येतं. दोन-तीनदा विसळा. शेतातल्या छोट्या साइटवर मैला सेप्टिक टँकमध्ये जातो, तिथे कॅसेटमध्ये घालायचं निळं रसायन चालत नाही, हिरवं वापरतात. तुमच्याकडे पहिल्यापासून हिरवंच असू द्या.

आणि इथे सोवळं-ओवळं पाळायचं, आजीपेक्षा कडक. केमिकल पॉइंटचा नळ आणि त्याची नळी पिण्याच्या पाण्याच्या जवळपास आणायची नाही. पिण्याच्या पाण्याची निळी, फूड-ग्रेड नळी वेगळी, तिची पिशवी वेगळी, ती हाताळणारा माणूसही शक्यतो वेगळा. आमच्यात ज्याच्याकडे कॅसेट त्याने त्या दिवशी टाकीला हात लावायचा नाही असा नियम आहे. वसंतात टाकीत बाळाच्या बाटल्या निर्जंतुक करतात ते मिल्टन घालून रात्रभर ठेवायचं आणि दोनदा धुऊन टाकायचं.

थंडीची गोष्ट. पहिल्या वर्षी नोव्हेंबरच्या एका सकाळी गाडीखाली पाण्याचं तळं. मी घाबरून मेकॅनिकला फोन केला, त्याने हसत विचारलं, "रात्री हीटर बंद होता का?" बॉयलरला एक झडप असते, आसपासचं तापमान तीनेक अंशांवर उतरलं की ती आपोआप उघडते आणि बॉयलरमधलं पाणी बाहेर सोडते, कारण आत बर्फ झाला तर बॉयलर फुटतो. ती झडप आपलं काम करत होती. पण ती फक्त बॉयलर वाचवते. नळ, पंप, शॉवर तुम्हीच वाचवायचे. हिवाळ्यात गाडी उभी करणार असाल तर दोन्ही टाक्या रिकाम्या करा, पंप बंद करा, सगळे नळ उघडून दांडा गरम-गारच्या मधोमध ठेवा, शॉवरचं डोकं काढून झटका. गाद्या कडेवर उभ्या करून ठेवा, पाठीला हवा लागते. बॅटरीकडे महिन्यातून एकदा बघा, डिसेंबरच्या इथल्या उन्हावर सोलर पॅनेल फार काही करत नाही. गॅस मात्र हिवाळ्यात लाल बाटलीतला प्रोपेनच हवा. निळ्या बाटलीतला ब्युटेन शून्याच्या आसपास बाटलीतून बाहेरच येत नाही.

आता भाडं वाचवण्याचा प्रश्न. पहिल्या हिवाळ्यात नको, एवढंच माझं उत्तर. कडाक्याच्या थंडीत आमची सहा किलोची बाटली तीन रात्रींत संपते. बऱ्याच साइट नोव्हेंबरला बंद होतात, उरलेल्या सलग किती दिवस राहू देतील याला मर्यादा असते. रस्त्याकडेला महिनोन्‌महिने राहणं म्हणजे रोज रात्री नवीन जागा शोधणं आणि सकाळी कोणीतरी काच ठोठावणं. इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय गाडीत मुक्काम करायचा हक्क नाही. स्कॉटलंडमध्ये तंबूवाल्यांना आहे, गाडीवाल्यांना नाही. त्याहून मोठी अडचण पत्त्याची. गाडीची नोंदणी, विमा, बँक, मुलाची शाळा, सगळे पत्ता मागतात. व्हिसावर असाल तर पत्ता बदलला की होम ऑफिसलाही, म्हणजे इथल्या गृहखात्यालाही, कळवावं लागतं. इंग्लंडमध्ये डॉक्टरकडे नाव घालायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ही त्यातली एकच सोपी गोष्ट. नोकरी नवीन, थंडी नवीन, त्यात घरही हलतं, इतकं एकदम अंगावर घेऊ नका.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. गाडीची उंची फूट-इंचांत आणि मीटरमध्ये लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. आमची ९ फूट ८ इंच. कमानीखाली शिरताना नवऱ्याशी हुज्जत घालायला वेळ नसतो. लेक डिस्ट्रिक्टमधला हार्डनॉट पास फोटोत सुंदर दिसतो, तो फोटोतच बघा. तीनास एक असा चढ आहे. स्कॉटलंडमधल्या हायलँड्सच्या एकपदरी रस्त्यांवर समोरून गाडी आली की पासिंग प्लेस (बाजू द्यायची रुंद जागा) डावीकडे असेल तर आत घ्या, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबा. मागे गाड्या साठल्या तर त्यांनाही पुढे जाऊ द्या. गणपतीला डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात जुनी डिझेल मोटरहोम घेऊन जायचा बेत असेल तर २०२३ पासून सगळं लंडन यूलेझमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना पैसे भरावे लागतात त्या भागात, आहे, गाडी नियमांत बसत नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड. ट्रेनने जा, प्रसाद तोच मिळतो.

घ्यायच्या आधी एकदा भाड्याने घेऊन बघा, आणि तेही जुलैत नको, ऑक्टोबरच्या पावसात दोन रात्री. त्यातूनही घेतलीच, तर पहिली रात्र कुठेही लांब जाऊ नका. घरासमोर गाडी लावा, घराचं दार बंद करा आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्या. आम्ही तसं केलं तेव्हा रात्री अकरापर्यंत कळलं की उलथनं, चहाचं गाळणं आणि डास मारायची रॅकेट विसरलीय, आणि उजव्या बाजूची चाकं दोन बोटं खाली असल्यामुळे झोपलं की आपण भिंतीवर घरंगळतो. दुसऱ्या दिवशी चाकांखाली घालायचे पिवळे ठोकळे आणले.