टिटवीला काटे लावा: लेकरांसोबत धीटपणाची गोष्ट घडवताना

धीटपणाची गोष्ट सांगायची तर आधी जनावर घडवा. जनावर हातात आलं की गोष्ट लेकरंच ओढत नेतात. मी सुतार. तान्ह्या पोळ्यासाठी सागवानाचे नंदी करतो, आणि नंदी न्यायला येणाऱ्या पोट्ट्यांना असं जनावर करायला बसवतो.

एका जनावराला दुसऱ्याचे अवयव लावायची ही रीत मेक्सिकोची आहे. तिथल्या पेद्रो लिनारेस या कागदकाम करणाऱ्या कारागिराला १९३६ च्या सुमारास आजारपणात स्वप्न पडलं. पंखवालं गाढव, बैलाच्या शिंगांचा कोंबडा अशी जनावरं 'अलेब्रिहेस' म्हणून ओरडत होती, असं सांगतात. बरा झाल्यावर त्यानं ती कागदात उतरवली. पुढे मेक्सिकोतल्याच ओआहाका राज्यातल्या कारागिरांनी तशीच जनावरं कोपालच्या लाकडात कोरली. कोपाल आपल्या सालईच्याच कुळातलं. दोघांचाही डिंक धुपाला जातो. हे कळलं तेव्हापासून ते लोक मला भावकीतले वाटतात.

सागवान लेकरांच्या हाताला कठीण, म्हणून कागदच घ्या. तुराट्या सुतळीनं बांधून सांगाडा करा. मैद्याची खळ शिजवून कोमट होऊ द्या, रद्दीच्या पट्ट्या तिच्यात बुडवून आडव्या-उभ्या चिकटवा. तीन-चार थर पुरतात, पण खालचा थर खडखडीत वाळल्याशिवाय वरचा देऊ नका. आत ओल राहिली की बुरशी धरते. पोळ्याच्या दिवसांत ऊन कमी, तेव्हा चुलीपासून हातभर लांब ठेवा.

थर वाळेपर्यंत गोष्ट जमवा. जनावर वाघ नको. वाघाला धीट म्हणण्यात काय आहे? टिटवी घ्या. ती वावरात उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि गुरं जवळ आली की पंख पसरून त्यांच्यासमोर उभी राहते. लेकरांनी हे धुऱ्यावरून पाहिलेलं असतं. मग विचारा, "हिला कोणाचं काय उसनं द्यायचं?" सशाचे कान, साळिंदराचे काटे, सरड्याची शेपटी, जे म्हणतील ते लावा. भीतीही त्यांनाच विचारा. आमच्याकडे उत्तर ठरलेलं: जागलीच्या रात्री तुरीत शिरणारे रानडुक्कर.

आता खरी मेख. उसना अवयव ऐन वेळी निकामी झाला पाहिजे. काट्यांनी डुक्कर पळालं तर ती काट्यांची गोष्ट झाली, टिटवीची नाही. अंधारात डुकराला काटे दिसतच नाहीत असं करा, किंवा पावसात भिजून ते लोंबू द्या. तिचे पाय थरथरतात हेही सांगा, लपवू नका. इथे थांबा आणि विचारा, "आता तिच्याजवळ काय उरलं?" घाई करू नका. कोणी ना कोणी "आवाज!" म्हणतंच. मग सगळ्यांना टिटवीसारखं ओरडू द्या, गल्लीत ऐकू गेलं तरी चालेल. डुक्कर मारायचं नाही, त्यानं फक्त वाट बदलायची. गुरंही तेच करतात.

रंग गोष्टीनंतरच. आधी पांढऱ्या डिस्टेंपरचा हात द्या, तो वाळला की भडक रंग, आणि त्यावर काडीच्या टोकानं दाट ठिपके. ओआहाकात ठिपक्या-रेघांनी सगळं अंग भरतात. काटे कुठल्या रंगाचे, यावर पोट्टे भांडतील. भांडू द्या, पण चोचीकडे लक्ष ठेवा: ती उघडीच असली पाहिजे, आतून लालभडक.