एचआर पॉलिसी आहे, पण कुणाला कळत नाही? या चुका टाळा

सोलापुरातल्या एखाद्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यात किंवा गारमेंट युनिटमध्ये जाऊन पॉलिसी, म्हणजे कामाच्या नियमांची पुस्तिका मागितली, तर बहुतेक वेळा ती निघते. इंग्रजीत, जाडजूड, ऑफिसच्या कपाटात. रजेचा नियम विचारायला मात्र माणूस मुकादमाकडेच जातो. पहिल्या पाळीचा मुकादम एक सांगतो, दुसऱ्या पाळीचा दुसरंच, आणि पगाराच्या दिवशी भांडण एचआरच्या टेबलावर येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की पॉलिसी निवांत बसून कुणी वाचत नाही. घरात कुणी आजारी असतं, पगारातून दोन दिवस कापलेले असतात, बाळंतपण जवळ आलेलं असतं, तेव्हा माणूस नियम शोधतो. त्या वेळी त्याला चार गोष्टी हव्या असतात. मला काय मिळतं, कुणाला सांगायचं, किती दिवस आधी सांगायचं आणि नाही म्हटलं तर पुढे कुणाकडे जायचं. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका यातलं एखादं उत्तर गायब असल्यामुळे होतात.

नियम आहे, पण काय करायचं ते त्यात नाही

असा नियम खूप ठिकाणी दिसतो: "कर्मचाऱ्यास अपरिहार्य कारणास्तव अनुपस्थित राहावयाचे झाल्यास सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेणे बंधनकारक राहील, अन्यथा सदर अनुपस्थिती विनावेतन गणण्यात येईल."

सक्षम प्राधिकारी म्हणजे मुकादम, सुपरवायझर की मॅनेजर? आणि पहाटे पोराला ताप भरला तर पूर्वपरवानगी घ्यायची कशी? तोच नियम असा लिहून पाहा:

"अचानक यायला जमत नसेल तर पाळी सुरू होण्याआधी मुकादमाला फोन करा. फोन लागला नाही तर एचआरच्या नंबरवर मेसेज टाका. कामावर आल्यावर दोन दिवसांत रजेचा अर्ज भरा. एवढं केलंत तर तो दिवस शिल्लक रजेतून जाईल, पगार कापला जाणार नाही. रजा शिल्लक नसेल तर खाडा धरला जाईल. मुकादमाने अर्ज घेतला नाही तर थेट एचआरकडे या."

मूळ नियमापेक्षा हे लांब आहे आणि लांब असू द्या. पानं कमी करण्याच्या नादात माणसाला नेमकं हवं असलेलंच वाक्य कापलं जातं.

लिहून झालं की तिघांना बोलवा: एक नवा, एक जुनाजाणता आणि एक ज्याला वाचायला जड जातं असा. "समजलं का?" असं विचारू नका, "हो साहेब" हेच उत्तर येणार. "उद्या पहाटे अशी अडचण आली तर तू आधी काय करशील?" असं विचारा. जिथे तो अडखळेल तिथे वाक्य बदलायचं आहे, माणूस नाही.

सगळ्यांना मराठी वाचता येतं असं धरून चालणं

सोलापूर शहराच्या पूर्व भागातून कामाला येणाऱ्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. अक्कलकोटच्या बाजूने येणाऱ्यांची कन्नड असते, काहींची उर्दू. मराठी बोलायला बहुतेकांना येतं, पण नियमाचा कागद मराठीत वाचून त्यावर विसंबणं ही वेगळी गोष्ट आहे. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या (म्हणजे कारखान्यातल्या कामाच्या लेखी नियमांच्या) कायद्यातही हे आदेश इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावायला सांगितलं होतं.

सगळी पॉलिसी चार भाषांत छापायची गरज नाही. रजा, पगार, तक्रार आणि अपघात, ही चार पानं तेलुगू आणि कन्नडमध्ये करून घ्या. भाषांतर झालं की खात्यातल्याच माणसाकडून वाचून घ्या, कारण बाहेरून करून आणलेलं भाषांतर पुष्कळदा पुस्तकी असतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक पानाचा दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. हे ऐकलं जातं, घरी बायकोला-आईलाही ऐकवलं जातं.

दर जानेवारीत तेच भांडण

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा. सगळ्यांना एकाच आठवड्यात सुट्टी हवी असते. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा तेलुगू भाषिक कामगारांचं तेच, आषाढीला वारकरी घरांचं तेच. पॉलिसीत मात्र एकच ओळ असते: रजा मंजूर करणे हा व्यवस्थापनाचा अधिकार राहील. मग ज्याचं मुकादमाशी जमतं त्याला सुट्टी मिळते आणि बाकीचे न सांगता घरी बसतात. यंत्रमाग बंद पडतात आणि ऑर्डर लांबते.

दुखणं बेशिस्तीचं नाही, रजा कशी ठरते ते कुणाला दिसत नाही हे आहे. गर्दीच्या दिवसांसाठी वेगळा नियम लिहा. एका खात्यातून एका वेळी किती जण जाऊ शकतात, अर्ज कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा, अर्ज जास्त आले तर गेल्या वर्षी ज्यांना मिळाली नाही त्यांना आधी. मंजूर झालेली यादी फलकावर लावा. नाराजी तरीही राहील, पण का मिळाली नाही हे प्रत्येकाला कळेल. माझ्या पाहण्यात यामुळे न सांगता होणारे खाडे कमी होतात.

तक्रारीचा रस्ता त्याच माणसाच्या दारातून

"तक्रार असल्यास आपल्या वरिष्ठांकडे करावी." तक्रार वरिष्ठांबद्दलच असेल तर? प्रत्येक तक्रारीला किमान दोन दारं हवीत आणि दुसरं दार खात्याबाहेरचं हवं.

लैंगिक छळाच्या बाबतीत हे फार गंभीर आहे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवी, आणि समिती नेमल्याचा आदेश सहज दिसेल अशा जागी लावायला हवा. फलक असतोही, पण त्यावर कायद्याचं लांबलचक नाव आणि खाली समितीतून केव्हाच गेलेल्या बाईंचं नाव. शिवणकामाच्या ओळीतल्या मुलीला त्यातून काय कळणार? तिला हे कळायला हवं: समितीत आज कोण आहे, फोन नंबर काय, घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची आणि योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तक्रार लेखी लागते, पण लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. हे शेवटचं वाक्य मी कुठल्याच फलकावर पाहिलेलं नाही आणि सगळ्यात गरजेचं तेच आहे. एक प्रत बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत लावा, म्हणजे कुणी न बघता नंबर लिहून घेता येईल. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, तेही लिहा.

जुनं पुस्तक, नवा कायदा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता, म्हणजे जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले नवे कायदे, लागू झाल्या. तुमच्या पुस्तिकेत अजून १९४८ च्या फॅक्टरी कायद्याची कलमं असतील तर ती तपासायला हवीत. हक्काच्या रजेसाठी पूर्वी वर्षात २४० दिवस भरावे लागत, आता १८०. काम सोडलेल्या माणसाचं देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं आहे. "पुढच्या पगाराबरोबर हिशेब होईल" ही ओळ काढून टाका. प्रत्येक पानाच्या खाली तारीख टाका आणि जुनी पानं फलकावरून खरंच उतरवा. दोन तारखांचे दोन नियम शेजारी लटकताना दिसतात.

पगारपत्रकावरचं कोडं

ईएसआयपोटी (कर्मचारी राज्य विम्यापोटी) पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. कापलेले पैसे दिसतात, त्यातून काय मिळतं ते दिसत नाही. म्हणून आजारपणात माणूस उचल मागायला येतो आणि दवाखान्याचं बिल खिशातून भरतो. पगारपत्रकाच्या मागे चार ओळी छापा: उपचार कुठे मिळतात, कार्ड कसं काढायचं, आजारपणाच्या रजेचे पैसे कसे मागायचे, अडलं तर ऑफिसात कुणाला भेटायचं. बाळंतपणाच्या रजेचंही असंच. तिचे लाभ नेमणुकीच्या वेळीच लेखी द्यायचे असतात, पोट दिसू लागल्यावर नाही.

सही घेतली म्हणजे झालं

सही म्हणजे कागद हातात पडल्याचा पुरावा, समजल्याचा नाही. त्यापेक्षा एचआरच्या टेबलावर एक वही ठेवा आणि येणारा प्रत्येक प्रश्न जसा विचारला तसा त्यात लिहा. महिनाअखेरीस जो प्रश्न सर्वात जास्त वेळा आला असेल त्याचं पान आधी नव्याने लिहायला घ्या. बहुतेक ठिकाणी ते रजेचं निघतं. सगळी पुस्तिका एकदम बदलायला काढली की ती वर्षभर मॅनेजरच्या सहीसाठी अडकते. एक पान पंधरा दिवसांत फलकावर लागतं.