दोन देशांचे कायदे ताडून पाहताय? पद्धत निवडताना या चुका टाळा

पुण्यात एलएल.एम.च्या सिनॉप्सिसचे, म्हणजे प्रबंधाचा आराखडा देण्याचे, दिवस आले की एक ओळ हमखास वाचायला मिळते: 'संशोधन पद्धती: डॉक्ट्रिनल (म्हणजे कायदे आणि निकाल वाचून केलेली) व तौलनिक.' बहुतेकदा ती गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी प्रबंधातून उचललेली असते. मग प्रकरण दुसरे भारत, तिसरे इंग्लंड, चौथे जर्मनी आणि पाचव्यात शिफारशी. तीन देशांची माहिती मिळते, तुलना मात्र कुठेच होत नाही. प्रकरणं देशांनुसार पाडू नका, प्रश्नांनुसार पाडा.

प्रश्नच चुकीचा असेल तर मात्र तेवढ्याने भागत नाही. समजा विषय आहे करारातलं प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात मिळणारा मोबदला. आपल्या १८७२च्या करार कायद्यात ते आहे, इंग्लंडमध्ये आहे, जर्मन नागरी संहितेत शोधलं तर सापडत नाही. विद्यार्थी खुशाल लिहितो, 'जर्मन कायद्यात ही उणीव आहे.' आपल्याच कायद्याचा शब्द घेऊन दुसऱ्याच्या घरात शोधायला गेलं की असंच होणार. त्याऐवजी असं विचारा: फुकट दिलेलं वचन कायदा कधी बंधनकारक मानतो? आता जर्मनीत कलम ५१८ सापडतं. दानाचं वचन नोटरीसमोर व्हावं लागतं. इंग्लंडमध्ये डीड, म्हणजे सही-साक्षीचा दस्त लागतो. आपल्याकडे कलम २५ जवळच्या नात्यातलं, प्रेमापोटी दिलेलं वचन मान्य करतं, पण ते लेखी आणि नोंदणीकृत हवं. तिन्हीकडे गाडी कागदापाशीच येऊन थांबते! शब्द न शोधता, कायदा कोणती अडचण सोडवतो यावरून तुलना करायची, याला फंक्शनल पद्धत म्हणतात.

ती सगळीकडे लावायची घाई मात्र नको. सगळ्या समाजांपुढे अडचण एकच आहे, हे तिने गृहीत धरलेलं असतं. करारात ते बऱ्यापैकी चालतं, कुटुंबात अडतं. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक होते. पुण्यातल्या हिंदू जोडप्याला असा नियम नाही. इथे इतिहास आणि समाज वाचल्याशिवाय फरक उलगडत नाही. (इंग्लंड-अमेरिकेपलीकडे कुणी बघत नाही म्हणून सांगतो, तुलनेसाठी गोवा झकास आहे.)

नुसत्या बेअर ॲक्टवर, म्हणजे कायद्याच्या कोऱ्या मजकुरावर, विसंबणं हीही नेहमीची चूक. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब मध्ये परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी सहा महिने थांबायला सांगितलंय. तेवढंच वाचून इंग्लंडच्या २०२२पासूनच्या वीस आठवड्यांशी तुलना केलीत, तर फसलात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ सालीच सांगितलं की योग्य प्रकरणात ही मुदत माफ करता येते. शिवाय इंग्लंडमध्ये वीस आठवड्यांनंतर सशर्त आदेश मिळतो, अंतिम आदेशासाठी आणखी सहा आठवडे जातात.

मग 'एम्पिरिकल (म्हणजे प्रत्यक्ष माहिती गोळा करून) पण करतो' म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म फिरतो आणि पन्नास वर्गमित्र घटस्फोटाविषयी मत देतात. त्यापेक्षा निकालपत्रं वाचा, किंवा रोज कौटुंबिक न्यायालयात उभ्या राहणाऱ्या पाच-सहा वकिलांशी नीट बोला. पक्षकारांना गाठायचं असेल तर आधी संमती आणि गुप्ततेचं बघा.

भाषेचं थोडक्यात: जर्मन कायद्यांची इंग्रजी भाषांतरं तिथल्या सरकारी संकेतस्थळावर मिळतात, पण प्रमाण मजकूर जर्मनच. भाषांतरावर काम केलं असेल तर प्रबंधात तसं लिहा. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, कुणीतरी विचारतंच.