छोट्या अमेरिकन गावाचा वंशाचा तक्ता कसा वाचावा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. 1991, 2001 आणि 2011 या तिन्ही जनगणनांत प्रगणक म्हणून वाई तालुक्यात दारोदार फिरलो. आता वर्षातले काही महिने लेकीकडे, अमेरिकेत आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात असतो. या भागात नोकरीला येणारी आपली मुलं घर घेण्याआधी विचारतात, "काका, त्या गावात कोण कोण राहतं हे कसं कळेल?" त्यांना मी जे समजावून सांगतो तेच इथे लिहितो आहे. उदाहरणासाठी आमच्यापासून अर्ध्या तासावरचं पोस्टव्हिल घेतो.

आकडे डेटा डॉट सेन्सस डॉट जीओव्ही या सरकारी वेबसाइटवर फुकट मिळतात. शोधताना ‘पोस्टव्हिल सिटी, आयोवा’ असं पूर्ण लिहा आणि यादीतून शहरच निवडा, काउंटी नको. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका. पोस्टव्हिल अॅलमकी आणि क्लेटन अशा दोन काउंट्यांच्या सीमेवर वसलं आहे. एकाच काउंटीचा तक्ता उघडलात तर गावाचा काही भाग सुटेल आणि भलतीच शेतं आत येतील. पिनकोडवरूनही शोधू नका, त्याची हद्द वेगळी असते.

पुढची गफलत तक्त्याच्या नावात होते. 2020च्या जनगणनेत ‘पी 1’ नावाचे दोन तक्ते आहेत. एकात नुसती एकूण लोकसंख्या आहे आणि दुसऱ्यात वंश. वंशाचा हवा असेल तर ‘रीडिस्ट्रिक्टिंग डेटा’ या संचातला उघडा. खरं तर त्याच संचातला ‘पी 2’ घ्या. कारण सांगतो.

अमेरिकेच्या फॉर्मवर दोन वेगळे प्रश्न होते. पहिला, तुम्ही हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिशभाषक मुलखातल्या मुळाचे आहात का? दुसरा, तुमचा वंश कोणता: गोरे, काळे, मूळ अमेरिकन, आशियाई, हवाई व पॅसिफिक बेटांवरचे, की ‘इतर’? ग्वाटेमालाहून आलेला माणूस पहिल्याला ‘हो’ म्हणतो आणि दुसऱ्या प्रश्नाशी अडतो. कुणी ‘गोरा’वर खूण करतो, तर पुष्कळ जण ‘इतर’वर. 2020 साली देशभरात 4 कोटी 99 लाख लोकांच्या उत्तरात, एकट्याने किंवा दुसऱ्या वंशासोबत, ‘इतर’ आलं आणि तो गट गोऱ्यांच्या खालोखाल दुसरा ठरला. काही ग्वाटेमालावासी माया, म्हणजे तिथल्या मूळ जमातींचे, आहेत. 2020च्या फॉर्मवर ‘मूळ अमेरिकन’पुढे उदाहरण म्हणून माया हे नाव छापलं होतं, त्यामुळे आयोवातल्या गावात ‘मूळ अमेरिकन’ दिसले की ते इथल्याच जमातीचे असतील असं धरू नका. ‘पी 2’मध्ये हिस्पॅनिक आधी वेगळे काढून मग उरलेल्यांचा वंश दिलेला असतो, म्हणून तो वाचायला सोपा.

आता 2010 आणि 2020 शेजारी ठेवून ‘गोरे घटले, मिश्र वाढले’ असा निष्कर्ष काढू नका. देशभरात दोन किंवा अधिक वंश सांगणारे 2.9 टक्क्यांवरून 10.2 टक्क्यांवर गेले. एवढी मिश्र लग्नं दहा वर्षांत होत नाहीत. 2020मध्ये गोरे आणि काळे या चौकटींखाली मूळ लिहायला रेघ दिली. शिवाय आधी उत्तरातली पहिली 30 अक्षरंच नोंदवत, ती मर्यादा 200वर नेली. म्हणजे माणसं थोडी बदलली आणि मोजणं खूप बदललं.

पोस्टव्हिलची एकूण लोकसंख्या पाहा: 2000 साली 2,273, 2010 साली 2,227, 2020 साली 2,503. पहिल्या दहा वर्षांत 46 माणसं कमी. हे पाहून मलाही वाटलं होतं की गाव शांत, जिथल्या तिथे आहे. मग गावातल्या म्हाताऱ्यांशी बोललो.

हे गाव जर्मन आणि नॉर्वेजियन शेतकऱ्यांचं. 1987 साली ब्रुकलिनच्या एका ज्यू कुटुंबाने इथला बंद पडलेला मांसाचा कारखाना घेतला आणि कोशर मांस सुरू केलं. कोशर म्हणजे ज्यू धर्मनियमाप्रमाणे कापलेलं. त्यासाठी हसिदी, म्हणजे कडक धर्मनिष्ठ पंथाची, ज्यू कुटुंबं इथे राहायला आली, आणि मजुरीला मेक्सिको, ग्वाटेमालाची माणसं. 12 मे 2008 रोजी इमिग्रेशन खात्याने कारखान्यावर छापा घातला आणि 389 कामगार धरले, त्यातले बहुतेक ग्वाटेमालाचे. सव्वादोन हजारांच्या गावातून एका सकाळी एवढी माणसं उचलली. बायकामुलं सेंट ब्रिजेट चर्चमध्ये आसऱ्याला बसली. मग कारखान्याने पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवरून माणसं आणली, कारण करारामुळे त्यांना व्हिसा लागत नाही. पुढे सोमाली आले.

इतकी उलथापालथ झाली आणि तक्त्यात दिसली ती 46ची घट. जनगणना दर दहा वर्षांनी 1 एप्रिलला जे होतं तेच टिपते. छापा बरोबर दोन मोजण्यांच्या मध्ये पडला. म्हणून कुठल्याही गावाचा तक्ता वाचण्याआधी त्या गावात कारखाना, कत्तलखाना, तुरुंग, कॉलेज काय आहे आणि ते कधी उघडलं वा बंद झालं, हे विचारून घ्या. तुरुंगातले कैदी आणि वसतिगृहातली मुलं जिथे राहतात तिथेच मोजली जातात. छोट्या गावात एवढ्याने टक्केवारी फिरते.

या तक्त्यात ज्यू कुठे आहेत? कुठेच नाहीत. अमेरिकेची जनगणना धर्म विचारत नाही. 1976च्या कायद्याने त्याचं उत्तर सक्तीचं करायला बंदी आहे. आपल्याकडे मी धर्म, अनुसूचित जाती-जमाती आणि मातृभाषा विचारत असे, वंश कधीच नाही. इथे नेमकं उलटं. मला पहिल्या दिवसापासून हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटली: आधी फॉर्म काढून प्रश्न वाचा, मग उत्तरांचा तक्ता. पोस्टव्हिलचे हसिदी ज्यू आणि लुथरन पंथाचे ख्रिस्ती शेतकरी दोघेही ‘गोरे’ या एकाच रकान्यात बसतात.

हसिदी ज्यू थोडेफार भाषेच्या तक्त्यात सापडतात. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे नावाची दरवर्षीची पाहणी घरात बोलली जाणारी भाषा विचारते. छोट्या गावासाठी ‘सी 16001’ हा तक्ता उघडा. यिडिश, म्हणजे हसिदी ज्यूंची भाषा, त्यात ‘जर्मन किंवा इतर पश्चिम जर्मानिक’मध्ये असते, सोमाली अगदी शेवटी ‘इतर’मध्ये. मराठी ‘इतर इंडो-युरोपीय’मध्ये. मोठ्या तक्त्यातसुद्धा आपण ‘नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय आर्य भाषा’ असे एका ओळीत आहोत. ते वाचून मला वाईट वाटलं, हे लपवत नाही. मुलांनो, पाहणीचा फॉर्म आला तर भाषेपुढे ‘इंडियन’ लिहू नका, ‘मराठी’ लिहा.

वंशापुढे मात्र ‘एशियन इंडियन’ अशी चौकट असते. तीही सहज मिळालेली नाही. 1930 आणि 1940च्या जनगणनेत आपला वंश ‘हिंदू’ लिहीत, मग माणूस शीख असो की मुसलमान. 1970ला आपल्याला गोऱ्यांत धरलं. वेगळी चौकट 1980पासून.

या वार्षिक पाहणीबद्दल एक सावधगिरी. ती नमुन्यावर चालते, देशभरात वर्षाला सुमारे 35 लाख पत्ते. 65 हजारांखालच्या गावाला पाच वर्षांची सरासरीच मिळते. प्रत्येक आकड्याशेजारी ‘मार्जिन ऑफ एरर’, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते, असतो, तो झाकून वाचू नका. समजा आशियाई 40 आणि पुढे अधिक-उणे 38 असेल, तर ते 2 असू शकतात किंवा 78. अशा वेळी मी ‘थोडे आहेत’ एवढंच वहीत लिहितो. 2020च्या जनगणनेतही कुणाची ओळख पटू नये म्हणून छोट्या जागांच्या आकड्यांत मुद्दाम थोडा फरक मिसळला आहे. एक-दोन माणसांच्या रकान्यावर काही ठरवू नका.

2024मध्ये दोन्ही प्रश्न एक करून मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका अशी नवी चौकट घालायचं ठरलं. ते 2030च्या फॉर्मवर आलं तर सोमाली कुठे खूण करतील, आणि 2020शी तुलना करताना काय जपायचं, हे पुन्हा पाहावं लागेल.

एवढं झालं की गावात जा. शुक्रवारी दुपारी जा, कारण सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो आणि त्याआधी काळे कोट घातलेली माणसं लगबगीने घरी जाताना दिसतात. किराणा दुकानाच्या फळ्यांवर काय ठेवलंय ते बघा. वाचनालयात मुलांची पुस्तकं कोणत्या भाषांत आहेत ते बघा. शाळेच्या कचेरीत सूचना किती भाषांत लावल्या आहेत तेही बघा. घरी येऊन प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी लिहा: वर्ष, तक्त्याचा क्रमांक आणि विचारलेला नेमका प्रश्न.