क्वीनच्या पुरस्कारांवर क्विझची फेरी कशी काढायची

कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये म्युझिकची फेरी पहिल्यांदा काढणारी मुलं मला कच्चे प्रश्न दाखवायला आणतात. त्यात एक प्रश्न ठरलेला असतो: 'अमुक बँडला एकूण किती पुरस्कार मिळाले?' मी तो वाचायच्या आधीच खोडते. त्याचं उत्तर पाठ असलेल्यालाच येणार, डोकं चालवणाऱ्याला नाही. शिवाय कोण काय मोजतं त्यावर आकडा बदलतो, आणि मग हरलेली टीम फोन काढून तुमच्यासमोर उभी राहते.

बँड निवडताना ज्याची यादी वाकडीतिकडी आहे असा निवडा. मी क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड घेते. गाणी सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण पुरस्कारांचा हिशोब सरळ नाही. फेरीला हेच हवं असतं.

आधी एका कोऱ्या कागदावर तीन रकाने करा: कोणी दिला, कोणाला दिला, कशासाठी दिला. सापडलेली प्रत्येक नोंद त्यात बसवा. जिथे एखादा रकाना भरताना अडखळायला होतं, तिथेच प्रश्न लपलेला असतो. उदाहरणार्थ, २०१९ चे चार ऑस्कर. क्वीनच्या नावावर ते सर्रास खपवले जातात, पण ते बँडवरच्या 'बोहेमियन रॅप्सडी' या चित्रपटाचे: रामी मालेकला अभिनयाचा, बाकीचे संकलन, ध्वनिसंपादन आणि ध्वनिमिश्रणाचे. बँडच्या वाट्याला त्या सोहळ्याची सुरुवात गाण्यांनी करून द्यायचा मान आला, बाहुली नाही. तसंच आयव्हर नोव्हेलोचं. हे ब्रिटिश पुरस्कार गाणं लिहिणाऱ्याला मिळतात. म्हणून 'किलर क्वीन' आणि 'बोहेमियन रॅप्सडी' (चित्रपटाला ज्याचं नाव दिलं ते गाणं) यांच्या नोंदींपुढे 'कोणाला' या रकान्यात ती लिहिणारा बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी लिहायचा, क्वीन नाही.

आता ग्रॅमी, अमेरिकेचे संगीत पुरस्कार. माझ्या मते अख्ख्या फेरीचा जीव इथे आहे, त्यामुळे यावर वेळ घालवा. स्पर्धेतला ग्रॅमी क्वीनला एकदाही मिळालेला नाही. १९७७ च्या सोहळ्यात 'बोहेमियन रॅप्सडी'ला दोन नामांकनं होती. समूहाच्या पॉप गायनाचा पुरस्कार शिकागो हा बँड घेऊन गेला आणि आवाजांच्या अरेंजमेंटचा स्टारलँड व्होकल बँड. हो, ज्या गाण्यात तीन माणसांचे आवाज एकावर एक चढवून अख्खा ऑपेरा उभा केला, ते आवाजांच्या अरेंजमेंटमध्ये हरलं. मला अजूनही हे पटत नाही, पण प्रश्नाला मात्र फारच उपयोगी आहे. पुढे २००४ मध्ये हेच रेकॉर्डिंग ग्रॅमी हॉल ऑफ फेममध्ये गेलं. तो मान रेकॉर्डिंगचा. २०१८ मध्ये बँडला ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला. म्हणजे नामांकन, हॉल ऑफ फेम आणि जीवनगौरव या तिन्ही ठिकाणी 'ग्रॅमी' शब्द येतो आणि तिन्ही वेळा अर्थ वेगळा. प्रश्नात नुसतं 'ग्रॅमी मिळाला' असं लिहिलंत तर वाद ओढवून घ्याल. 'स्पर्धात्मक विभागात' हे दोन शब्द घालाच.

वर्षाचंही तसंच. ग्रॅमीचा सोहळा आदल्या काळातल्या कामाचा असतो, म्हणून '१९७७ चा ग्रॅमी' असं मोघम लिहू नका, '१९७७ च्या सोहळ्यात' असं लिहा. आणि पडताळणी शक्यतो पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या नोंदीवरून करा, चाहत्यांनी बनवलेल्या यादीवरून नको. चाहते प्रेमाने मोजतात.

ब्रिट या ब्रिटनच्या संगीत पुरस्कारांवर दोन चांगले प्रश्न निघतात. पहिला १९७७ चा. राणी एलिझाबेथच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली त्या वर्षी मागच्या पंचवीस वर्षांतलं सर्वोत्तम ब्रिटिश सिंगल (सुटं विकलेलं गाणं) निवडलं गेलं आणि निकाल बरोबरीत सुटला: 'बोहेमियन रॅप्सडी' आणि प्रोकॉल हारमचं 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल'. प्रश्न बरोबरीवर करा. 'क्वीनने हा मान कोणत्या बँडबरोबर वाटून घेतला?' साठच्या दशकातलं गाणं आहे आणि त्याच्या ऑर्गनवर बाखची छाया आहे, एवढी हिंट दिलीत की जुनं ऐकणारी टीम पाउन्स करते, म्हणजे आपली पाळी नसताना उत्तर देते.

दुसरा १९९० चा, लंडनच्या डोमिनियन थिएटरमधला, एकूण योगदानाबद्दलचा. बोलायचं काम बँडचा गिटारवादक ब्रायन मेने केलं. खंगलेला फ्रेडी माइकजवळ येऊन जेमतेम आभार मानून गेला. लोकांसमोर रंगमंचावर तो दिसला तो शेवटचा. पुढच्या वर्षी २४ नोव्हेंबरला तो गेला. हा प्रश्न व्हिडिओ दाखवून विचारा, पण आवाज बंद ठेवा आणि विचारा एवढंच: हे थिएटर कोणतं? नंतर याच थिएटरच्या दारावर फ्रेडीचा भला मोठा पुतळा बरीच वर्षं उभा होता, कारण आत क्वीनच्या गाण्यांवरचं 'वी विल रॉक यू' हे म्युझिकल २००२ पासून २०१४ पर्यंत चाललं. लंडन फिरून आलेल्याला उत्तर सुचावं, इतपत वाट त्यातून निघते. मरण आलंय म्हणून सूत्रसंचालनात गळा काढू नका. क्विझ आहे ती.

गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड हा वेगळाच मामला, तो पुरस्कारांच्या कागदावर घेऊच नका. ती विक्रीची प्रमाणपत्रं आहेत. अमेरिकेत पाच लाखांना गोल्ड, दहा लाखांना प्लॅटिनम, एक कोटीला डायमंड. ती आपोआप मिळत नाहीत, रेकॉर्ड कंपनीला अर्ज करून हिशोब तपासून घ्यावा लागतो. सिंगलच्या बाबतीत ऑनलाइन दीडशे वेळा ऐकलं की एक प्रत धरतात. त्या जोरावर १९७५ चं 'बोहेमियन रॅप्सडी' २०२१ मध्ये अमेरिकेत डायमंड झालं. यावर एखादा प्रश्न प्रिलिम्सला ठीक, फायनलला नको.

आपल्याकडच्या क्विझमध्ये एक खास खड्डा आहे: पाचगणी. फारुख बल्सारा, म्हणजे आपला फ्रेडी, तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथे त्याचा द हेक्टिक्स नावाचा बँड होता, हे आता सातारा-पुण्याच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पाचगणी हे उत्तर ठेवलंत तर सगळ्या टीम एकदम हात वर करतील. त्याऐवजी पाचगणीला हिंट करा. 'पाचगणीच्या बोर्डिंगमधून निघालेल्या या माणसाचं चित्र १९९९ मध्ये ब्रिटिश टपाल तिकिटावर आलं आणि वाद झाला. कशावरून?' उत्तर: मागे ड्रमवर बँडचा रॉजर टेलर दिसत होता, आणि राजघराण्याबाहेरची हयात व्यक्ती तिकिटावर घ्यायची नाही असा तेव्हा शिरस्ता होता. हा प्रश्न मला फार आवडतो. माहीत नसलं तरी पाच मिनिटं कुजबुजून टीम तिथवर पोचते, आणि उत्तर सांगितलं की प्रेक्षकांतून 'अरेच्चा' येतं. २०२० मध्ये तर अख्ख्या बँडवर तिकिटांचा संच निघाला, त्यात मे आणि टेलर हयात असूनही आहेत. पार्ट टू म्हणून ठेवायला हरकत नाही.

कनेक्टसाठी, म्हणजे चित्रांमधला समान धागा ओळखायच्या प्रश्नासाठी, स्वीडनचा पोलर म्युझिक प्राइझ घ्या. पडद्यावर चार चित्रं: पॉल मॅकार्टनी, पंडित रविशंकर, बॉब डिलन, क्वीन. रविशंकरांना तो १९९८ मध्ये मिळाला, क्वीनला २०२५ मध्ये. सतार आणि रॉक एकत्र दिसल्यावर टीम आधी बीटल्सकडे धावतात, जॉर्ज हॅरिसन शोधत बसतात. चकवा चांगलाच आहे, पण सुटका करायला पाचवं चित्र आब्बा या स्वीडिश बँडचं ठेवा आणि तोंडी सांगा की यांच्या मॅनेजरच्या पैशातून हे सुरू झालं. स्टॉकहोमपर्यंत पोचलेल्या टीमला अर्धे गुण द्यायचे की नाही, ते आधीच ठरवून जाहीर करा.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम २००१, हॉलिवूडच्या फुटपाथवरचा तारा २००२, ब्रायन मेचं 'सर' होणं २०२३: हे सगळं खरं आहे, पण त्यात फंडा नाही, डोकं चालवायला जागा नाही. फार तर मेवर एक प्रश्न निघेल, तोही पदवीचा नव्हे, तर त्याच्या नावाच्या लघुग्रहाचा, कारण गडी खगोलशास्त्रातला पीएचडी आहे.

क्रम लावताना टपाल तिकीट पहिलं, ग्रॅमी मधोमध, कनेक्ट शेवटी. डोमिनियनचा व्हिडिओ ग्रॅमीच्या लगेच नंतर नको, दोन्ही जड आहेत. टायब्रेकर आकड्याचा ठेवा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या: 'बोहेमियन रॅप्सडी' ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत एकूण किती आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं? उत्तर १४. पहिल्यांदा १९७५-७६ मध्ये ९ आणि फ्रेडी गेल्यावर १९९१-९२ मध्ये ५. जवळचा आकडा जिंकतो. कोणी ९ लिहून भांडायला आलं तर प्रश्नातला 'एकूण' हा शब्द दाखवा, आणि तो प्रश्न वाचताना मुद्दाम ठासून म्हणा.