मोटेचा नाडा आणि विसाचा फासा

दर रविवारी दुपारी अमळनेरला आमच्या ओसरीत आम्ही पाच जण ‘डी अँड डी’ (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं होऊन फाशांवर खेळायचा कथेचा खेळ) खेळतो: मी, दोन पुतणे, मामेभाऊ आणि शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी. गेम मास्टर, म्हणजे कथा सांगणारा आणि शत्रू चालवणारा, मी. कथा घडते फारुकी सुलतानांच्या खान्देशात, थाळनेरला राजधानी असतानाच्या काळात. तापीकाठचा किल्ला, कापसाच्या गाड्या, वाटेवर दरोडेखोर. एवढं सगळं हाताशी असून आमच्या लढाया बरेच महिने एकाच चवीच्या होत होत्या. पाळी आली की थोरला पुतण्या म्हणायचा, “मी तलवार मारस.” धाकटा म्हणायचा, “मी बी.”

एकदा थोरल्यानं विचारलं होतं, “काका, मोटना नाडा धरीसन झोका लेऊ का?” नियमाला धरून मी आधी ॲथलेटिक्सचा (उडी-चढाईचा) रोल, म्हणजे फासा, मागितला, तो जमला तर मग हल्ल्याचा. पहिलाच फसला. पाळी वाया गेली आणि त्यानं पुन्हा कधी नाड्याचं नाव काढलं नाही. ते मला फार लागलं. मी जिनिंगमध्ये हिशेब लिहितो, त्यामुळे रात्री वही काढूनच बसलो.

पहिल्या लेव्हलचा लढवय्या, हल्ल्याच्या फाशात +5 मिळवायचे. साध्या दरोडेखोराचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, 12. विसाच्या फाशावर 7 किंवा वर पडलं की वार लागतो, म्हणजे शंभरात 70 वेळा. झोक्याला मी 15 ची काठिण्यपातळी लावली होती, म्हणजे रोलनं 15 गाठायचे. तिथेही +5 धरले तरी शंभरात 55. दोन्ही पाठोपाठ साधायचं तर शंभरात जेमतेम 38. आणि साधलं तरी घाव तेवढाच, आठाचा फासा अधिक 3. म्हणजे मी त्याला धाडस करायला सांगत होतो आणि धाडसाचा दंडही त्याच्याकडूनच घेत होतो. पोरगा तलवारच चालवणार.

तेव्हापासून आमच्याकडे करामतीला रोल एकच, हल्ल्याचा. नाडा धरून झेप घेणं हा त्याच हल्ल्याचा भाग. वर खेळाडूनं दोनांतलं एक निवडायचं. एकतर ॲडव्हान्टेज: दोन फासे टाकून मोठा घ्यायचा, तिथे 70 चे 91 होतात. नाहीतर साधाच रोल करायचा आणि वार लागला तर घावाबरोबर एक परिणाम मिळवायचा: शत्रू आडवा पडतो, पाच फूट मागे ढकलला जातो किंवा त्याच्या हातातलं हत्यार सुटतं. दोन्ही एकदम नाही. आणि एक वस्तू एका लढाईत एकदाच. नाडा एकदा वापरला की दरोडेखोरांनी तो पाहिलेला असतो, पुढच्या वेळी दुसरं काहीतरी शोधायचं. ही अट घातली नाही तर पोरं तलवारीऐवजी दर पाळीला नाडाच धरतील आणि कंटाळा तोच राहील.

रोल फसला तर “काही झालं नाही” हे तीन शब्द मी बोलत नाही. झेप घेतलेला माणूस पलीकडे पोचतोच, फक्त पोचतो तो वाईट जागी. थारोळ्यात, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडात, आडवा पडला, तर उठायला त्याची निम्मी चाल जाईल. धाब्यावरून, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावरून, खाली आला, तर दर दहा फुटांना एक सहाचा फासा इजा. हे दोन्ही मूळ नियमांतच आहे, नवं काही शिकवावं लागत नाही.

आता जागेबद्दल, कारण माझ्या मते अर्धं काम तिथेच होतं. मोकळ्या माळावर करामत सुचत नाही. मी ओसरीच्या फरशीवर खडूनं पाच-पाच फुटांची घरं आखतो आणि लढाई सुरू होण्याआधी निदान सहा वस्तू मोठ्यानं सांगतो. वस्तू आपल्या ओळखीच्या असल्या की पोरांना हात लावावासा वाटतो. झुंबर आमच्यातल्या कुणीच पाहिलेलं नाही. पण धाब्याच्या घरांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत जाणं थोरल्यानं आजोळी खरोखर केलंय. धाब्यातला झरोका, त्यातून वर जाणारा धूर, कडब्याची गंजी, जू काढून उभी केलेली गाडी, मिरच्या वाळत घातलेलं अंगण. शेजारच्या मुलीनं पहिल्याच दिवशी त्या मिरच्या मूठभर उचलून एकाच्या डोळ्यांत फेकल्या. मी ते नकाशावर केवळ रंगासाठी सांगितलं होतं.

दरोडेखोरांची संख्याही बदला. मूळ दरोडेखोराला 11 हिट पॉइंट असतात, म्हणजे तेवढी इजा झाली की तो पडतो, आणि लांब तलवारीचा घाव सरासरी साडेसात, म्हणजे एकेकाला दोन-दोन वार. नायक आठ जणांतून वाट काढतोय असं अशानं कधी दिसत नाही. डी अँड डीच्या 2008 च्या चौथ्या आवृत्तीत ‘मिनियन’ होते, एकाच हिट पॉइंटचे. ते मी परत आणले. त्यांच्यासाठी चिंचोके मांडतो. वार लागला की चिंचोका खेळाडूनं स्वतःच्या हातानं उचलून वाटीत टाकायचा. टक् असा आवाज येतो, पुढचा लगेच सरसावून बसतो. सरदार मात्र 2014 च्या पुस्तकातलाच ठेवा, आर्मर क्लास 15, हिट पॉइंट 65; त्याच्यासमोर दम लागलाच पाहिजे.

लढाई लांबली की रंग उतरतो, त्यावर ‘थर्टीन्थ एज’ या 2013 च्या खेळातला एक उपाय मी उचललाय. दुसऱ्या राउंडपासून (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) मधोमध एक मोठा सहाचा फासा ठेवायचा, 1 वर. दर राउंडला एकानं वाढवायचा. तो आकडा फक्त नायकांच्या हल्ल्यात मिळवायचा.

आणि वर्णन फाशानंतर. आधी फक्त इरादा सांगायचा, एका वाक्यात. एक राउंड म्हणजे सहा सेकंद, तेवढ्यात भाषण होत नाही. वार लागल्यावर मात्र मी थांबतो आणि विचारतो, “कसं झालं ते तू सांग.”

गेल्या रविवारी विहिरीवर गाठ पडली. धाकटा धाब्यावर, मामेभाऊ गाडीखाली, सरदार मोटेच्या धावेवर, बैल चालतात त्या उतारावर, विहिरीच्या काठाशी पाय रोवून उभा. तिसरा राउंड, मधला फासा 2 वर. थोरल्याची पाळी आली. तो नकाशाकडे बघत राहिला, मग म्हणाला, “नाडा. ॲडव्हान्टेज नको. ढकलस.”

फासा पडला 8. त्यात त्याचे 5, मधले 2. पंधरा.

“सांग,” मी म्हटलं. त्यानं सांगितलं: नाडा हाताला दोन वेढे, धावेवरून उलटी झेप, दोन्ही पाय सरदाराच्या छातीवर. सरदार विहिरीत. विहीर चाळीस फूट खोल, म्हणून त्याच्या इजेसाठी मी सहाचे चार फासे थोरल्यापुढे सरकवले. त्यानं ते उचलले, पण टाकले नाहीत.

“काका, नाडा आजून मना हातमाच शे ना?”